विमापत्रांतील अपघात

पितृपंधरवड्यांतील चतुर्दशीपुढें पंचांगकर्ते ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे शब्द न चुकतां छापतात. ज्यांना रोगानें किंवा वार्धक्यानें मरण आलें त्यांचें श्राद्ध त्यांच्या त्यांच्या तिथीस. परंतु जे शस्त्रानें गेले, पाण्यांत बुडाले, सर्पदंशानें अथवा वीज पडून दगावले, त्यांच्यासाठीं हा एक दिवस निराळा राखून ठेवलेला आहे. मरण शेवटीं एकच. पण तें कोणत्या दारानें घरांत आलें हें आपल्या पूर्वजांना महत्त्वाचें वाटलें, आणि त्यांनीं दोन प्रकारच्या मृत्यूंमध्यें रेघ ओढली. तशीच रेघ आज अगदीं वेगळ्या हेतूनें ओढलेली एका दुसऱ्या कागदावर पाहावयास मिळते. हा कागद म्हणजे आपल्या कपाटांत, बहुधा सोन्याच्या पावत्यांशेजारीं, जपून ठेवलेलें आयुर्विम्याचें विमापत्र होय. विमेदारास अपघातानें मृत्यु आल्यास मूळ रकमेवर तितकीच आणखी रक्कम वारसास मिळेल, अशा अर्थाचें एक कलम अशा विमापत्रांतून पुष्कळदां असतें. कलम चार ओळींचें. त्याखालची अपवादांची यादी मात्र चांगली लांबरुंद.

हें कलम आम्हीं अनेक सुशिक्षित गृहस्थांना दाखविलें, आणि त्यांतील ‘अपघात’ या शब्दाचा अर्थ विचारला. प्रत्येकानें ‘त्यांत विचारण्यासारखें काय आहे?’ असाच चेहरा केला. परंतु इतक्या सोप्या शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठीं तीन खंडांतील न्यायाधीशांनीं दीडशें वर्षांहून अधिक काळ आपली बुद्धि शिणविली आहे, आणि तो अर्थ अद्यापि पुरता ठरलेला नाहीं. त्या कलमांतील प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या खऱ्याखुऱ्या मृत्यूनें घडविलेला आहे. तो कसा घडला, आणि आज तो कोणावर छाया धरतो व कोणाला उन्हांत उभें करतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

आयुष्याचा विमा आणि अपघाताचा विमा हीं जुळीं भावंडें नव्हत. पहिला दुसऱ्यापेक्षां वयानें पुष्कळच वडील. लंडन शहरांत १५८३ सालीं विल्यम गिबन्स नांवाच्या एका इसमाच्या आयुष्यावर बारा महिन्यांचा विमा उतरलेला होता. वर्ष पुरें होण्यास थोडे दिवस उरले असतां तो वारला. तेव्हां विमा घेणाऱ्या मंडळींनीं, महिना म्हणजे चंद्राचा, अठ्ठावीस दिवसांचा, सबब मुदत आधींच संपली, असा हिशेब पुढें केला. न्यायाधीशांनीं तो मानला नाहीं ही गोष्ट वेगळी. परंतु आयुर्विम्याच्या इतिहासाच्या अगदीं आरंभींच्या पानावर शब्दाच्या अर्थावरून झालेलें भांडण नोंदलेलें असावें, हें पुढील दोन-तीनशें वर्षांच्या दृष्टीनें सूचकच म्हटलें पाहिजे. १७६२ सालीं लंडनमध्यें इक्विटेबल सोसायटी निघाली आणि वयाच्या मानानें हप्ता ठरविण्याची शास्त्रीय पद्धति रूढ होऊं लागली. या पद्धतीचा पाया असा कीं, मरण निश्चित आहे, अनिश्चित आहे ती फक्त त्याची वेळ. अपघाताचें गणित याच्या उलट आहे. येथें ती घटना मुळांत घडेल कीं नाहीं हेंच अनिश्चित असतें.

हें दुसरें गणित मांडावयास माणसाला आगगाडीनें भाग पाडलें. १५ सप्टेंबर १८३० रोजीं लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा उद्घाटन-समारंभ होता. त्याच समारंभांत विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे सभासद स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ या इंजिनाखालीं सांपडले, आणि त्याच दिवशीं मरण पावले. नव्या युगाचा शुभारंभ आणि त्याचा पहिला गाजलेला बळी एकाच दिवशीं लोकांनीं पाहिला. पुढें वीस वर्षांच्या आंत, १८४८ सालीं, ‘रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युअरन्स’ नांवाची कंपनी लंडनमध्यें निघाली, आणि तिकिटाच्या खिडकीवरच तिकिटाबरोबर विमाहि विकला जाऊं लागला. पहिल्या वर्गाच्या उतारूनें तीन पेन्स द्यावेत आणि मृत्यु आल्यास वारसांनीं एक हजार पौंड घ्यावेत. दुसऱ्या वर्गास दोन पेन्सांत पांचशें. तिसऱ्या वर्गास एका पेनींत दोनशें. प्रवास दहा मैलांचा असो कीं दोनशें मैलांचा, दर तोच. वर्गागणिक जिवाचें मोल निराळें पाहून आज आपल्याला हंसू येईल. परंतु एका पेनींत मजुराच्या बायकापोरांना दोनशें पौंडांची हमी मिळावी, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

अमेरिकेंत हीच कल्पना हार्टफर्ड येथील जेम्स बॅटर्सन या दगडाच्या व्यापाऱ्यानें नेली. १८६४ सालीं त्याच्या ट्रॅव्हलर्स कंपनीचें काम सुरू झालें. पोस्टापासून आपल्या घरापर्यंत पायीं जाण्याचा विमा एका ओळखीच्या पेढीवाल्यानें थट्टेथट्टेंत त्याच्याकडे दोन सेंट देऊन उतरविला, असें त्या कंपनीच्या इतिहासांत सांगतात. आगगाडींतून अपघात असा पायवाटेवर उतरला. मग विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील आयुर्विमा कंपन्यांनीं या धाकट्या भावाला थोरल्याच्या घरांत आणून बसविलें. मूळ विमा आयुष्याचा. त्यालाच जोडून, अपघाती मरण आल्यास दुप्पट रक्कम, असें कलम घालण्याची वहिवाट पडली. आपल्या विमापत्रांतील कलमाचें घराणें हेंच.

दुप्पट रक्कम द्यावयाची म्हटल्यावर ती कोणत्या मरणास द्यावयाची, हें काटेकोरपणें सांगणें कंपनीला भागच होतें. म्हणून तीन विशेषणें जन्मास आलीं. मृत्यूचें साधन बाह्य असावें, हिंसक असावें आणि दृश्य असावें. बाह्य अशासाठीं कीं, शरीराच्या आंत दबून बसलेला रोग अपघाताचा वेष घेऊन येऊं नये. हिंसक अशासाठीं कीं, हळूहळू झिजत आलेलें मरण यांत मोडूं नये. येथें हिंसा म्हणजे क्रौर्य नव्हे, बाहेरून शरीरावर चाललेलें कोणतेंहि बळ. आणि दृश्य अशासाठीं कीं, ज्याचा पुरावा डोळ्यांना दिसत नाहीं त्याचा निवाडा करावयाचा तरी कसा? हीं तिन्ही विशेषणें कागदावर निर्दोष दिसतात. परंतु मरण कांहीं कागद वाचून येत नाहीं.

१८६१ सालीं इंग्लंडांत दोन खटले लागले. दोन्हींच्या निकालांशीं सरन्यायाधीश कॉकबर्न यांचा संबंध होता. पहिल्यांतील गृहस्थ ब्रायटन येथें समुद्रस्नानास म्हणून गेला. त्याचे कपडे मिळाले, तो परतला नाहीं. कंपनीचें म्हणणें असें कीं, बुडून मेलेल्या माणसाच्या अंगावर बाहेरची जखम कोठें असते? पाणी आंत गेलें, श्वास थांबला. यांत बाह्य इजा ती कोणती? वरिष्ठ न्यायालयानें हा युक्तिवाद झिडकारला. बुडून मरणें हा अपघात होऊं शकतो; मनुष्य खरोखर पाण्यानें मेला काय, एवढेंच पंचांनीं ठरवावें, असें त्यानें सांगितलें.

दुसरा खटला आपल्या किनाऱ्याशीं निगडित आहे. ‘सुलतान’ नांवाच्या जहाजाचा कप्तान आपलें नित्याचें काम करीत असतां कोचीनच्या नदींत उन्हाच्या तडाख्यानें कोसळला आणि त्याच दिवशीं मेला. त्याचा अपघाताचा विमा होता. ऊन बाहेरचें, त्याचा तडाखा जबरदस्त, आणि सूर्याहून अधिक दृश्य वस्तु ती कोणती! तथापि न्यायालयानें वारसांच्या विरुद्ध निकाल दिला. त्याचें तात्पर्य असें: अपघातांत कांहींतरी आकस्मिक आघात, कांहींतरी दुर्घटना असावी लागते. ज्या मनुष्याचा धंदाच त्याला विशिष्ट हवामानांत नेतो, त्याला त्या हवामानानें रोग जडला तर तो निसर्गक्रम होय, अपघात नव्हे. मात्र न्यायमूर्तींनीं आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. तेंच जहाज फुटलें असतें, खलाशांना होडींत बसून उघड्यावर दिवस काढावे लागले असते, आणि त्या हालांनीं कोणी मेला असता, तर तें मरण अपघाती ठरूं शकलें असतें. म्हणजे बाहेरच्या हवेचा मारा तोच आणि माणूसहि तोच. परंतु जहाज फुटलें तर अपघात, आणि जहाज शाबूत राहून कप्तान आपलें कर्तव्य करीत उभा असेल तर नव्हे.

हा निकाल तर्कदृष्ट्या चुकीचा आहे असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. उन्हाळ्याच्या देशांतील ऊन हा अपघात मानला तर हिंवताप कां मानूं नये, आणि हिंवताप मानला तर मग रोग म्हणून उरेल तरी काय? परंतु त्या निकालानें एक सिद्धांत रुजविला, आणि पुढील इतिहासाची किल्ली त्यांतच आहे. तो सिद्धांत थोडक्यांत असा कीं, सवयीचें संकट म्हणजे अपघात नव्हे.

रोग आणि अपघात यांची गांठ पडली म्हणजे काय करावें, हा पुढचा प्रश्न. एका गृहस्थास उथळ प्रवाह ओलांडतांना फेंफऱ्याचा झटका आला, आणि तो त्या पाण्यांत पडून बुडाला. दुसरा लंडनच्या वॉटर्लू स्टेशनच्या फलाटावर असाच झटका येऊन रुळांवर पडला, आणि इंजिन त्याच्या अंगावरून गेलें. फेंफरें हा रोग. रोगापासून उद्भवणाऱ्या मरणास अपवाद केलेला होता. तरीहि १८८० व १८८१ सालच्या या दोन्ही खटल्यांत कंपन्या हरल्या. न्यायाधीशांनीं कारणांची सांखळी मोजली आणि शेवटची कडी धरली. फेंफऱ्यानें माणूस पडला खरा, पण मारलें तें पाण्यानें आणि इंजिनानें. दूरच्या कारणाकडे पाहूं लागलें तर मनुष्य जन्मला म्हणून मेला, इथपर्यंत मागें जावें लागेल. यापुढें इंग्रज न्यायाधीश बऱ्याच औदार्यानें वागलेले दिसतात. १८९३ च्या खटल्यांत एका लहान मुलाची गोटी उचलून देण्यासाठीं वांकलेल्या दुकानदाराच्या गुडघ्यांतील कुर्चा सरकली. तो अपघात ठरला. १९०३ च्या खटल्यांत पायमोजा काढतांना आपल्याच अंगठ्याच्या नखानें पायास ओरखडा उठला, त्यांतून विष भिनलें, आणि मनुष्य दगावला. तोहि अपघातच ठरला. नख स्वतःचें, पाय स्वतःचा. तरी साधन बाह्य!

परंतु कंपन्यांनींहि धडा घेतला होता. न्यायालय शेवटची कडी धरतें काय, तर आपण विमापत्रांतच ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे शब्द घालूं. या शब्दांची धार १९१६ सालीं दिसली. महायुद्धाच्या काळांत रेल्वेमार्गावरील पहारेकऱ्यांची तपासणी करीत अंधारांत चाललेला एक लष्करी कप्तान गाडीखालीं सांपडला. गाडी नेहमींची, शत्रूचा त्यांत हात नाहीं. परंतु युद्धामुळें प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणें ओढवलेलें मरण वगळलेलें होतें. आणि युद्ध नसतें तर तो तेथें अंधारांत कशाला गेला असता? निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. एका ‘अप्रत्यक्ष’ शब्दानें तीस-पस्तीस वर्षांचें औदार्य परत घेतलें.

अमेरिकेंत वाद आणखी बारीक झाला. तेथील विमापत्रांत मृत्यु अपघाती असून भागत नसे. मृत्यूचें साधनहि अपघाती असावें लागे. १८८९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें एका डॉक्टराचा खटला आला. तिघांनीं चारपांच फूट उंचीच्या चौथऱ्यावरून खालीं उड्या मारल्या. दोघे सुखरूप उतरले, तिसऱ्याच्या पोटांत इजा होऊन तो कांहीं दिवसांनीं मेला. उडी त्यानें आपण होऊन मारली, मग अपघात कसला? न्यायालयानें त्याच्या विधवेच्या बाजूनें कौल दिला. मनांत योजिल्याप्रमाणें उडी पार पडली नाहीं, तींत कांहीं अनपेक्षित घडलें, हाच अपघात. परंतु १९३४ सालीं त्याच न्यायालयापुढें पुन्हां ऊन आलें. गोल्फ खेळतांना एक गृहस्थ उष्माघातानें मेला होता. न्यायमूर्ति स्टोन यांनीं बहुमताचा निकाल सांगितला: परिणाम अनपेक्षित होता हें खरें; पण साधन म्हणजे ऊन, आणि उन्हांत तो आपखुशीनें गेला होता. साधनांत अपघात नाहीं, सबब पैसे नाहींत. न्यायमूर्ति कारडोझो यांनीं एकट्यानें विरुद्ध मत नोंदविलें. साधन आणि परिणाम यांतला हा भेद म्हणजे फौजाच्या फौजा गिळणारी दलदल आहे, कायदा तींत फसेल, असें त्यांनीं बजाविलें. ज्या मरणाला सामान्य मनुष्य सहज अपघात म्हणतो तें अपघाती मरण, हा त्यांचा दाखला होता. त्यांचें मत त्या दिवशीं हरलें. पुढें मात्र अमेरिकेंतील अनेक राज्यांच्या न्यायालयांनीं तेंच स्वीकारलें.

कंपन्या इतक्या संशयी कां, याचेंहि एक उत्तर अमेरिकेच्याच इतिहासांत आहे. १९२७ सालीं न्यूयॉर्कमध्यें रूथ स्नायडर नांवाच्या स्त्रीनें आपल्या प्रियकराच्या साहाय्यानें नवऱ्याचा खून केला. अपघाती मरणास दुप्पट रक्कम देणारा विमा तिनें त्याच्या नकळत त्याच्या आयुष्यावर उतरविला होता. १९२८ च्या जानेवारींत दोघांनाहि देहदंड झाला. या प्रकरणाचा गवगवा इतका झाला कीं, जेम्स केन या लेखकानें १९३६ सालीं त्याच्या आधारें कादंबरिका लिहिली, १९४४ सालीं तिच्यावर चित्रपट निघाला, आणि दोहोंचें नांव त्या कलमाचेंच होतें, ‘डबल इंडेम्निटी’, अर्थात् दुप्पट भरपाई. ज्या कलमावर घरें उभीं राहतात, त्यावर अशीं नाटकेंहि रचलीं जातात. म्हणून पुरावा मागणाऱ्या कंपनीस सरसकट दुष्ट ठरविणें न्यायाचें होणार नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदी माणसाच्या जिवाचा विमा इंग्रज कंपन्या जादा हप्ता घेऊनच उतरीत. तो अन्याय दूर करण्यासाठीं मुंबईंत १८७० च्या सुमारास बाँबे म्युच्युअल ही संस्था निघाली, आणि १८७४ सालीं ओरिएंटल. १९५६ सालीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें, दोनशेंहून अधिक देशी-विदेशी विमासंस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें, आणि खाजगी कंपन्यांना हा धंदा पुन्हां इ. स. २००० पासून खुला झाला. मालक बदलले, पण कलम इंग्रजी घराण्याचेंच राहिलें. महामंडळाच्या विमापत्रांतहि मृत्यु बाह्य, हिंसक व दृश्य साधनांनीं झालेला असावा, इतर सर्व कारणांपासून स्वतंत्र असावा, आणि अपघातापासून १८० दिवसांच्या आंत ओढवलेला असावा, अशी भाषा आढळते. वगळलेलीं मरणें बहुतेक तींच: आत्महत्या, मद्याचा अंमल, दंगल, युद्ध, शिकार, गिर्यारोहण, कायद्याचा भंग. या जादा हमीबद्दल वर्षास हजारीं एक रुपया घेण्याची पद्धति पुष्कळ वर्षें होती. हा दर स्वस्त वाटतो. परंतु त्याचा अर्थ असा कीं, हजार विमेदारांमागें वर्षास एकाहून अधिक मृत्यु या कलमांत बसले तर हिशेब तोट्यांत जातो. हप्ता लहान आहे याचें कारण दार अरुंद आहे.

तें किती अरुंद आहे हें २०१९ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनीं दाखविलें. मार्च महिन्यांतील निकाल मोझांबिकमध्यें चहाच्या कारखान्यावर कामास गेलेल्या एका हिंदी गृहस्थासंबंधीं होता. तो डांस चावून हिंवतापानें मेला होता. डांस चावणें हें आकस्मिक आहे, बाहेरचें आहे, कोणी तें इच्छून घडवीत नाहीं. तेव्हां हा अपघात, असें ग्राहक-न्यायासनांनीं म्हटलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें तें अमान्य केलें. ज्या देशांत तिघांमागें एकास हिंवताप होतो तेथें तो होणें हें अनपेक्षित म्हणतां यावयाचें नाहीं. दुसरा निकाल एप्रिलचा. एक मनुष्य मोटारसायकलवर असतां छातींत कळ येऊन खालीं पडला, आणि दगावला. मूळ रक्कम मिळाली; अपघाताबद्दलच्या जादा रकमेसाठीं विधवा अखेरपर्यंत लढली, आणि हरली. मृत्यूचें कारण हृदयविकार, पडण्यानें झालेल्या इजेनें तो मेला असें सिद्ध नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. साधन व परिणाम यांचा सारा अमेरिकन वाद त्या निकालपत्रांत चर्चिलेला आहे. म्हणजे कोचीनच्या कप्तानाचा खटला आणि वॉटर्लूच्या फलाटाचा खटला, दोन्ही प्रश्न दीडशें वर्षांनीं पुन्हां आपल्या दारीं आले.

वाचकांनीं हा प्रश्न आपल्या घरांत आणून पाहावा. वडील पहांटे न्हाणीघरांत जातात. धप्पकन आवाज होतो. दार उघडेपर्यंत सर्व संपलेलें असतें. पाय घसरून डोकें आपटलें म्हणून प्राण गेला, कीं प्राण जातां जातां ते पडले? घरच्यांना दोन्ही एकच. परंतु कलमाच्या दृष्टीनें पहिला अपघात, दुसरा रोग. आणि याचा निर्णय बहुधा त्या धावपळींत डॉक्टरानें लिहिलेल्या एका ओळीवर, पंचनाम्यावर, आणि शवविच्छेदन झालें कीं नाहीं यावर अवलंबून राहतो. शोकाकुल माणसें ‘आतां देहाची विटंबना नको’ म्हणून शवविच्छेदन टाळतात. ती ममता समजण्यासारखी आहे, पण तिच्याबरोबर पुरावाहि अग्नीच्या स्वाधीन होतो. दुप्पट रकमेचें वचन देणारें कलम सर्वांत कठीण प्रश्न विचारतें तें घरांतील सर्वांत असाहाय्य व्यक्तीला, आणि तिच्या आयुष्यांतील सर्वांत वाईट दिवशीं.

परंतु आमच्या मनाला याहून मोठी टोंचणी त्या सवयीच्या संकटाच्या सिद्धांताची आहे. कोचीनच्या कप्तानाला न्यायालयानें सांगितलें, तें तुझ्या धंद्यांतलेंच संकट होतें. गोल्फ खेळणाऱ्याला सांगितलें, उन्हांत तूं होऊन गेलास. हीं दोन्ही उत्तरें एकत्र करून पाहा, आणि तीं कोणाला लागू पडतात याचा विचार करा. वैशाखांत नांगरट करणारा शेतकरी, रस्त्यावर डांबर ओतणारा मजूर, रात्रीं पाणी धरण्यासाठीं बांधावरून अनवाणी जाणारा गडी, यांचें संकट त्यांच्या धंद्यांतलेंच असतें, आणि तेथें ते होऊनच जातात. न जाऊन करतील काय? ज्याचें आयुष्य सुरक्षित, त्याच्यावर आलेलें संकट अनपेक्षित, म्हणून तो अपघात. ज्याच्या उशापायथ्याशींच संकट, त्याला तें अपेक्षित, म्हणून तो निसर्गक्रम. विमाशास्त्राच्या दृष्टीनें हा न्याय चोख आहे. माणुसकीच्या दृष्टीनें तो अपुरा आहे. २०१५ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या सुरक्षा विमा योजनेंत वर्षास बारा रुपयांत, आणि २०२२ पासून वीस रुपयांत, गरिबांतल्या गरिबास दोन लक्षांची हमी मिळूं लागली, ही गोष्ट निःसंशय मोठी आहे. परंतु तिच्या नियमांतहि अपघाताची व्याख्या ‘बाह्य, हिंसक व दृश्य’ हीच आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळीं रेल्वेच्या उतारूंसाठीं घडलेलीं विशेषणें आतां खेड्यांतील बँकेच्या खातेपुस्तकापर्यंत पोंचलीं आहेत.

महाराष्ट्रानें मात्र एक निराळी वाट धरली, आणि तिच्याकडे विमाशास्त्राच्या अभ्यासकांनीं लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें. येथें २००५-०६ पासून शेतकऱ्यांसाठीं अपघात विम्याची योजना होती. २०१४ च्या जूनमध्यें गोपीनाथ मुंडे यांचा दिल्लींत मोटार-अपघातांत अंत झाला, आणि पुढें त्या योजनेस त्यांचें नांव मिळालें. या योजनेनें ‘अपघात म्हणजे काय’ या कोड्याशीं झुंजण्याऐवजीं सरळ यादी केली: पाण्यांत बुडणें, वीज पडणें, विजेचा धक्का, उंचावरून पडणें, सर्पदंश, विंचूदंश, फवारणीच्या औषधाची विषबाधा, जनावराचा हल्ला, खून, दंगल. शेतकऱ्याच्या धंद्यांतलींच संकटें ही यादी अपघात म्हणून मोजते. सवयीच्या संकटाचा सिद्धांत ती उलटा करते. तरीहि विमाकंपन्यांकडून दावे वेळेवर न मिटणें, कागदपत्रांत नको तितक्या त्रुटी काढल्या जाणें, अशा तक्रारी होत राहिल्या. तेव्हां २०२३ सालीं सरकारनें कंपनी मधून काढून टाकली आणि वारसांना स्वतःच दोन लक्ष रुपयांचें सानुग्रह अनुदान देण्याचें ठरविलें. त्या वेळीं यादींत एक नवी नोंद आली: बाळंतपणांतील मृत्यु. तो ना बाह्य, ना दृश्य. न्यायमूर्ति कॉकबर्न यांच्या कसोटीस तो क्षणभरहि उतरला नसता. परंतु शेतकऱ्याच्या घरांत त्या मरणानें पडणारें खिंडार वीज पडल्याहून कमी नसतें, हें यादी करणाऱ्यानें ओळखलें.

व्याख्या ही विद्वानाची, आणि यादी ही अनुभवाची. पंचांगांतील त्या चतुर्दशीमागें आपल्या शास्त्रकारांनींहि यादीच केली होती. शस्त्र, पाणी, विष, वीज, सर्प, शिंगाचें जनावर, असें एकेक दार मोजून त्यांनीं दुर्मरण सांगितलें. त्यांना वारसांचे पैसे द्यावयाचे नव्हते, ही त्यांची सोय. परंतु कोणतें मरण कोणत्या घरीं कोणत्या वाटेनें येतें हें त्यांनीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. व्याख्या टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती टाकली तर हजारीं रुपयाचा हप्ता हजारीं किती होईल हें सांगवत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, व्याख्येच्या उंबऱ्यावर जे नेहमीं अडतात त्यांच्यासाठीं यादी असावी, ती जाहीर असावी, आणि अनुभवाप्रमाणें वाढत जावी. आणि ज्यांच्या कपाटांत विमापत्र आहे त्यांनीं तें कलम एकदां पत्नीस व मुलांस वाचून दाखवावें. अमंगळ विषय म्हणून तें टाळण्यांत शहाणपणा नाहीं. आपण पक्षपंधरवड्यांत पितरांची चतुर्दशी पाळतोंच कीं.

राहतां राहिला कोचीनचा कप्तान. महाराष्ट्राच्या यादींत उष्माघात हा शब्द अद्यापि आलेला नाहीं. परंतु ज्या किनाऱ्यावर तो कप्तान उन्हानें कोसळला, त्या केरळाच्या सरकारनें २०१९ सालीं, म्हणजे सर्वोच्च न्यायालयानें डांसाला अपघाताबाहेर काढलें त्याच वर्षीं, उष्णतेची लाट व उष्माघात यांस राज्यापुरती आपत्ति म्हणून मान्यता दिली. १८६१ सालीं निसर्गक्रम म्हणून सोडून दिलेलें ऊन त्याच भूमीवर दीडशेंहून अधिक वर्षांनीं संकटांच्या यादींत नोंदलें गेलें. कप्तानाच्या वारसांना त्याचा उपयोग नाहीं. आपल्या वैशाखांत नांगरामागें चालणाऱ्याला व्हावयास हरकत नाहीं.